आपलं गाव वगळून

ऑफिसात सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. नकाशे संगणकावर आले, अंतरं बोटाच्या टोकाशी आली, तरी हा गृहस्थ भिंतीवरच्या कागदी नकाशावर फूटपट्टी टेकवल्याशिवाय कुठल्याही रस्त्यावर विश्वास ठेवत नसे. पूर्वी तो गोठवलेल्या मटारांचे ट्रक कुठून कुठे जातील ते आखायचा. आता एका रॉक बँडचे दौरे आखतो. तो म्हणायचा, काम तेच आहे, वेळेवर पोचला नाही तर माल वाया जातो. फरक एवढाच, की हॉटेलच्या खिडकीतून भिंत दिसते म्हणून मटार कधी तक्रार करत नाहीत.

लोकांना वाटतं, बँडवाले ‘चला’ म्हणतात आणि निघतात. निघतात कसले! वर्षभर आधी हा माणूस सभागृहांना फोन करत बसतो. सभागृहवाले तारीख पेन्सिलीने लिहून ठेवतात, कारण त्याच तारखेवर आणखी कोणाची तरी पेन्सिल आधी लागलेली असते. एक तारीख हलली की मागच्या सगळ्या हलतात. जवळजवळची दोन शहरं घेतली तर एकाची तिकिटं दुसरं खातं. लांबलांबची घेतली तर दिवे, स्पीकर आणि लोखंडी सांगाडा घेऊन निघालेले नऊ ट्रक पोचायचे कसे? त्यात चालकांना सक्तीची विश्रांती असते, ठरलेले तास भरले की गाडी बाजूला लावायची म्हणजे लावायची. एवढं सगळं सांभाळून याची रेघ अशी सुरेख जायची की मॅनेजरबाई, ज्या सहसा कोणाचं कौतुक करायच्या भानगडीत पडत नसत, त्याही म्हणायच्या, ‘‘याच्या दौऱ्यात ट्रक कधी उलटा फिरला नाही.’’

बाहेर इतका सरळ असलेला हा माणूस घरात एका बाबतीत पक्का वाकडा होता. तो जळायचा. बँडच्या गिटारवाल्यावर जळायचा, आणि तेही थोडंथोडकं नाही.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ती आणि हा गिटारवाला एकाच गल्लीत वाढलेले. जगाला तो मोठ्या नावाने माहीत होता, पण गल्लीत तो ‘काडी’, कारण अंगावर मांस म्हणून नव्हतं. बायको अजूनही त्याला काडीच म्हणायची. ‘‘काडीची गिटार दबलीय या रेकॉर्डिंगमध्ये,’’ असं ती चहा गाळता गाळता म्हणाली, की फूटपट्टीच्या अंगाची लाहीलाही व्हायची. नवऱ्याला फूटपट्टी म्हणायची तेव्हा त्यात लाड होता की नुसती लांबी, हे त्याला कधी कळलं नाही. काडीमध्ये मात्र लाड होता, याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

त्यावर कडी म्हणजे, ही नोकरी त्याला तिच्या शब्दावर लागली होती. मटारांची कंपनी बंद पडली, हा घरी बसला, आणि बायकोने काडीला एक फोन केला. तेव्हापासून बारा वर्षं तो त्या नोकरीचं खात होता, आणि रोज एक घास त्याच्या घशात अडकत होता. भेटला की गिटारवाला त्याला ‘दाजी’ म्हणायचा. गल्लीतल्या मुलीच्या नवऱ्याला गल्लीतला मुलगा दुसरं काय म्हणणार? पण याला वाटायचं, टोमणा मारतोय.

दर दौऱ्यात बायको दोन-तीन कार्यक्रमांना जायची. बरोबर तिची मावसबहीण, पेशाने नर्स, दोन दिवसांची झोप एका बाकड्यावर काढू शकणारी बाई. जुनी गाडी, मागच्या सीटवर उशा, पाण्याच्या बाटल्या, उकडलेली अंडी. तिकीट स्वतःच्या खिशातलं. फूटपट्टीला पास सहज मिळाला असता, पण ती नको म्हणायची. ‘‘पासवाल्यांना स्टेजच्या कडेला उभं करतात. तिथे निम्मं गाणं ऐकू येतं आणि निम्मं वायरमनचं भांडण.’’ तिला कठड्याशी उभं राहायचं असे, सगळ्यात पुढे, आणि त्यासाठी रांग लावावी लागे.

या रांगेचे कायदे सभागृहाचे नव्हते, चाहत्यांचे होते. पहिला आलेला मार्कर घेऊन बसतो. जो येईल त्याच्या हाताच्या पंजामागे नंबर लिहितो. मग दिवसातून तीनदा-चारदा हजेरी. हजेरीला हात वर दिसला नाही, की नंबर गेला, मग तुम्ही कोणीही असा. एकदा एका बँडवाल्याच्या सख्ख्या आत्येचा नंबर गेला होता म्हणतात, ती कॉफी आणायला गेली होती.

तारखांबाबत मात्र फूटपट्टी घरात ताकास तूर लागू देत नसे. जाहीर होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही हा ऑफिसचा नियम होता, आणि नियम पाळण्यात त्याला एरवीपेक्षा जरा जास्त गोडी वाटायची. बायको सुरुवातीला विचारायची, ‘‘एवढं तरी सांग, उन्हाळ्यात की थंडीत?’’ हा वर्तमानपत्रात तोंड घालायचा. पुढे तिने विचारणं सोडलं. काडीबद्दलची एवढी एकच गोष्ट होती जी तिच्या आधी याला कळत होती, आणि ती याने मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

जळणं तसं जुनंच होतं, पण मागच्या दौऱ्यात त्याच्यावर तेल पडलं. कार्यक्रम त्यांच्याच गावात होता. काही कागदांवर सह्या घ्यायला हा स्टेजमागे गेला, आणि सहज काळ्या पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. कठड्याशी बायको उभी होती. डोळ्यांवर गिटारवाल्याची सावली पडली होती, पण बाकीचा चेहरा दिव्यात होता. कपाळावर आठी नाही, ओठ किंचित उघडे, दिवसभराचं ओझं खाली ठेवल्यासारखी ती उभी होती. असा चेहरा त्याने घरात कधी पाहिला नव्हता. लग्नाच्या दिवशीही नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही, आणि मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, घर दोघांचंच झालं, तेव्हा तर नाहीच नाही. सह्या घ्यायच्या विसरून तो घरी आला. बायको घसा बसलेल्या आवाजात म्हणाली, ‘‘काय वाजवलं रे आज!’’ आणि त्याने पंख्याचं बटण उगाच दोनदा दाबलं.

म्हणून नवा दौरा आखायला घेतला तेव्हा आपल्या गावाच्या तारखेवर येऊन त्याचा हात थांबला. गुरुवारी वरच्या शहरात कार्यक्रम, शनिवारी आपल्या गावात, रविवारी रात्रभर प्रवास, सोमवारी खालच्या मोठ्या शहरात. ओळ अशी जमली होती की बघत राहावं. त्याने खोडरबर घेतला आणि शनिवार पुसून टाकला.

मॅनेजरबाईंना त्याने सांगितलं, ‘‘वरच्या शहरातले लोक आणि आमच्या गावातले लोक एकच. तिकिटं एकमेकांची खातील.’’ बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मागच्या वेळी गावातलं तिकीट एका सकाळीत संपलं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण ट्रक उलटा न फिरवणाऱ्या माणसाचा शब्द म्हणून त्यांनी मान डोलावली. याला वाटलं, सुटलो. मोकळ्या दिवसाचा मुक्काम त्याने महामार्गावरच्या एका पुलाजवळच्या थांब्यावर टाकला आणि त्या दिवशी पोटभर जेवला.

तारखा जाहीर झाल्या. बायको दुकानातून आली, चप्पल न काढता फोनवरचं पोस्टर बघत उभी राहिली.

‘‘आपलं गाव नाही.’’

‘‘सभागृहाचं काही जमलं नाही,’’ हा म्हणाला.

‘‘नाही जमलं?’’

‘‘नाही.’’

ती आणखी थोडा वेळ पोस्टर बघत राहिली. तारखांवरून तिचं बोट हळूहळू खाली सरकलं, एका जागी थांबलं. मग म्हणाली, ‘‘बरं. मग आम्ही सोमवारी खालच्या शहराला जाऊ,’’ आणि हातपाय धुवायला गेली. आदळआपट नाही, चौकशी नाही. याला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण जास्त बरंच वाटलं.

हे बरं वाटणं फार टिकलं नाही. एक दिवस मॅनेजरबाईंनी त्याला बोलावून घेतलं. ‘‘त्या पुलाजवळ नऊ ट्रक कुठे उभे करू? माझ्या डोक्यावर? चालकांची आठवड्याची मोठी विश्रांती तिथेच पडतेय, दोन रात्री. तीस खोल्या लागतील. तिकडे एक चहाची टपरी आहे आणि एक पंक्चरवाला.’’

‘‘दुसरीकडे बघतो,’’ हा म्हणाला.

‘‘मी बघितलं. तुझ्या गावात सभागृहामागचं मैदान आहे, शुक्रवार ते रविवार मोकळं. हॉटेलही समोरच. मोकळं कसं काय, तर तूच केलंस ना मोकळं!’’ आणि बाई हसल्या. ‘‘बरं झालं. बँडलाही शनिवार निवांत मिळेल.’’

फूटपट्टी जागेवर येऊन बसला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने मनात राग धरून रेघ मारली होती, आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. कार्यक्रम असता तर गिटारवाला दुपारी आला असता, वाजवून गेला असता, मध्ये कठडा होता, दिवे होते, हजारो माणसं होती. आता तो आख्खा शनिवार रिकामा, हात हलवत, याच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असणार होता. आणि बायको शनिवारी घरीच असते.

मग त्याने डोकं चालवलं. पोटात जळत असलं की माणसाचं डोकं भलतं वेगात चालतं.

‘‘तुम्ही त्या शहराला रविवारी कशाला निघता?’’ तो जेवताना म्हणाला. ‘‘शुक्रवारीच जा. तिथे रांग लवकर लागते म्हणे. पहिल्या दहात नंबर लागेल.’’

बायकोचा घास हातातच राहिला. बारा वर्षांत या माणसाने तिला ‘जा’ म्हटलं नव्हतं. ‘पुन्हा?’ म्हटलं होतं, ‘किती वेळा तेच ऐकायचं?’ म्हटलं होतं, एकदा तर ‘वयाचा काही विचार?’ असंही म्हटलं होतं.

‘‘शुक्रवारी?’’

‘‘हो. बहिणीला रजा मिळत असेल तर.’’

‘‘तुला चालेल?’’

‘‘मला काय धाड भरलीय? आणि गाडीत पुढचं चाक जरा बसलंय, मी हवा भरून आणतो.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. तिने घास खाल्ला, मग पाणी प्यायली, मग पुन्हा म्हणाली, ‘‘बरं.’’

शुक्रवारी सकाळी त्याने स्वतः उशा खाली नेल्या, डिकीत लावल्या. काच पुसली. मेव्हणी म्हणाली, ‘‘आज दाजींना झालंय काय? ताप आहे का?’’ बायको गाडीच्या दाराशी एक पाय आत, एक बाहेर अशी थांबली होती. ‘‘काही सांगायचं राहिलंय का तुझं?’’ तिने विचारलं.

‘‘सावकाश चालवा,’’ हा म्हणाला. ‘‘आणि निघा आता, उशीर होईल.’’

तिने दार लावून घेतलं. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा समोरून पहिला ट्रक गावात शिरत होता. थोडक्यात चुकामूक झाली म्हणून फूटपट्टीने सुटकेचा श्वास सोडला.

शनिवारी दुपारी फोन वाजला. ‘‘दाजी, तुमच्या गावात येऊन पडलोय. हॉटेलात कंटाळा आला. येऊ का घरी?’’

नाही कसं म्हणणार? नोकरी त्याची, गल्ली तिची. गिटारवाला टोपी घालून मागच्या रस्त्याने चालत आला. दारात चपला काढल्या, आत डोकावला. ‘‘आहे कुठे ती?’’

‘‘खालच्या शहरात. तुला बघायला गेलीय. फुटपाथवर बसलीय सोमवारसाठी.’’

गिटारवाला एवढा हसला की त्याला भिंतीला धरावं लागलं. याने मात्र नीट पाहून घेतलं. मोठ्या पोस्टरवरचा हा माणूस जवळून थकलेला होता. डाव्या हाताची बोटं सारखी उघडमीट करत होता. भूक लागलीय म्हणाला, म्हणून याने ऑम्लेट केलं. तिच्या ओट्यापाशी, तिच्या खुर्चीवर बसून, तिच्या ताटलीत काडी खात होता, आणि ती तिथून शेकडो मैलांवर त्याचीच वाट बघत होती. फूटपट्टीला मनातल्या मनात अशा उकळ्या फुटल्या की त्याने विचारून दुसरं ऑम्लेटही केलं.

पण जळणाऱ्या माणसाला सुखाने बसवत नाही. तो विचारून बसला, ‘‘तुला स्टेजवरून ती दिसते का रे?’’

‘‘दिव्यांमुळे मागचं काही दिसत नाही. पुढची ओळ दिसते. ती दिसते ना.’’

‘‘मग? कशी बघत असते?’’

‘‘बघते कुठे?’’ गिटारवाला तोंड पुसत म्हणाला. ‘‘डोळे मिटून उभी असते. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत. पूर्वीपासूनची खोड आहे तिची. आमच्या जिन्याच्या पायरीवर यायची, भिंतीला टेकायची, डोळे मिटायची. माझी आई विचारायची, ही पोरगी झोपायला येते का? एवढी रांग लावून पुढे येते आणि बघत कोणालाच नाही. बाकीचे बँडवाले माझी थट्टा करतात त्यावरून.’’

फूटपट्टीने ताटली उचलली आणि नळाखाली धरली. एवढी वर्षं तो या माणसावर जळत होता. याच्या हातांवर, याच्या केसांवर, कठड्यापलीकडून याच्याकडे लागलेल्या नजरेवर. आणि नजर तर नव्हतीच. डोळे मिटून ती कुठे जात होती ते याला माहीत नव्हतं आणि काडीलाही नव्हतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माणसावर जळणं सोपं असतं, त्याचा शनिवार पुसता येतो.

‘‘फोन लावा की तिला,’’ गिटारवाला म्हणाला. ‘‘बोलतो मी. वेडी होईल.’’

‘‘हजेरी चालू असेल आता. उचलणार नाही.’’

‘‘मग सांगा तिला, काडी येऊन गेला.’’ दारात पायात चपला सरकवता सरकवता तो थांबला. ‘‘दाजी, इथला कार्यक्रम तुम्हीच काढलात ना? बाई म्हणत होत्या. मला वाटलं घरात काही दुखणंबिखणं असेल. तसं काही नाही ना?’’

‘‘नाही,’’ फूटपट्टी म्हणाला.

संध्याकाळी बायकोचाच फोन आला. मागे गिटार वाजत होती, कोणीतरी बेसूर गात होतं. तिचा नंबर चौथा लागला होता.

‘‘काय चाललंय?’’

‘‘काही नाही. एकटाच आहे.’’

‘‘कोणी आलं होतं का?’’

‘‘कोण येणार?’’

‘‘नाही, शनिवार आहे. येतं कोणीतरी.’’

‘‘कोणी नाही आलं,’’ तो म्हणाला. मागे कोणीतरी नंबर पुकारायला लागलं, ते ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘हजेरी सुरू झाली, ठेवते.’’

मंगळवारी दुपारी ती परत आली. घसा बसलेला, हातावरचा चारचा आकडा पुसट झालेला. याने चहा ठेवला होता. ती खुर्चीवर बसली आणि चहाकडे न बघता म्हणाली, ‘‘ऑम्लेट बरं झालं होतं म्हणाला काडी. मीठ जरा जास्त.’’

फूटपट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘तो भेटला तुला?’’

‘‘कार्यक्रम झाल्यावर कठड्यापाशी आला. पण त्याने सांगायची गरज नव्हती. मला पोस्टर आलं त्याच दिवशी कळलं होतं.’’

‘‘काय कळलं होतं?’’

‘‘अरे, बारा वर्षं मी तू आखलेल्या रस्त्यांनी गाडी घेऊन जातेय. कुठल्या वळणावर ट्रक थांबणार ते मला झोपेत कळतं. चालकांबरोबर चहा प्यायलेय मी. तुझ्या रेघेत भोक कधी नसतं. या वेळी होतं, आणि ते नेमकं माझ्या दारात. गुरुवारी वर, सोमवारी खाली, मध्ये नऊ ट्रक काय हवेत तरंगणार? त्या रस्त्यावर मैदान आहेच एक. मी बहिणीला त्याच दिवशी म्हणाले, काडी शनिवारी आपल्याकडे येऊन पडणार. तुला तेव्हा माहीतही नसेल.’’

‘‘मग गेलीस कशाला?’’ त्याचा आवाज चिरकला. ‘‘माहीत होतं तर थांबायचं ना!’’

‘‘थांबणारच होते. लहानपणानंतर तो कधी निवांत बसला नव्हता माझ्याशी. आणि तू म्हणालास, जा.’’ तिने चहाचा कप थोडा पुढे सारला. ‘‘मला बघायचं होतं तू कुठवर म्हणतोस. हवा भरून आणलीस. उशा लावल्यास. काच पुसलीस. मी दारात उभी राहून विचारलं, काही सांगायचंय का. गाडीचं दार लावेपर्यंत वाट बघितली मी. मग फोनवर विचारलं, कोणी आलं होतं का. दोनदा विचारलं.’’

‘‘मला वाटायचं, तुझं त्याच्याकडे...’’ हा पुढचं वाक्य शोधू लागला. मटारांच्या किंवा ट्रकच्या भाषेत ते वाक्य नव्हतं. ‘‘मी जळतो त्याच्यावर,’’ तो शेवटी म्हणाला.

‘‘ते माहितेय मला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं थोडं.’’ ती उठली. पिशवीतून मळके कपडे काढून तिने बादलीत टाकले. ‘‘पण तू मला हुशारीने घराबाहेर काढलंस. माझ्याच घराबाहेर.’’

त्याला म्हणायचं होतं, पुढच्या दौऱ्यात आपलं गाव पहिलं घेतो. त्याला हेही म्हणायचं होतं, की एकदा मीही येतो रांगेत. त्याने विचारलं ते भलतंच. ‘‘पुढच्या वेळी जाशील का? कुठे जाशील?’’

‘‘दौऱ्याच्या तारखा मला कधी कळतात?’’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, घसाच नव्हता तिला. ‘‘जाहीर झाल्यावर. सगळ्यांबरोबर. बारा वर्षं. आता माझं कुठे जायचं ठरलं, की तुलाही तसंच कळेल.’’

एवढं बोलून ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लागली. पाणी सुरू झालं. ओट्यावर चहा निवत होता. बाहेरच्या खोलीत तिचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. पडद्यावर मावसबहिणीचं नाव होतं. फूटपट्टी त्या नावाकडे बघत उभा राहिला. सगळं आधी या बहिणीलाच कळणार होतं, आणि तो आता तिच्यावर जळायला लागला होता.